युरो डिस्नी: माणसं आली, मग पैसा कुठे अडला?

१२ एप्रिल १९९२ रोजी पॅरिसपासून ३२ किलोमीटरवर, मार्न-ला-व्हॅले इथे युरो डिस्नी सुरू झालं. पहिल्या वर्षात १ कोटी १० लाख लोक येतील असा कंपनीचा अंदाज होता. १९९२-९३ या आर्थिक वर्षात प्रत्यक्षात सुमारे ९८ लाख आले. जगात कुठल्याही करमणूक उद्यानाला हेवा वाटावा अशी ही गर्दी. तरीही त्याच वर्षाच्या ताळेबंदात ५३० कोटी फ्रँकचा तोटा दिसला. यातला सुमारे ३६० कोटींचा भाग हिशेबाची पद्धत बदलल्यामुळे आला होता: सुरुवातीचा जो खर्च अनेक वर्षांत विभागायचा होता, तो एकदम खात्यावर टाकला. पण तो बाजूला काढला तरी १७० कोटींचा तोटा उरतोच.

या प्रकरणाची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट सांस्कृतिक आहे. अमेरिकन उंदीर फ्रान्सला पचला नाही, फ्रेंचांना जेवताना वाइन लागते आणि ती पार्कात मिळत नव्हती, बुद्धिजीवी खवळले, शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आडवे लावले. यातल्या घटना खऱ्या आहेत. नाट्यदिग्दर्शिका आरियान म्नुश्किन यांचा ‘सांस्कृतिक चेर्नोबिल’ हा शेरा तर जगभर गाजला. पण गर्दीचा आकडा या स्पष्टीकरणाला जुळत नाही. पार्क लोकांना नकोसं असतं, तर ९८ लाख माणसं तिकीट काढून आत गेलीच नसती. माझ्या मते युरो डिस्नीचं दुखणं खोल्यांत आणि कर्जात होतं, आणि त्याचं मूळ कंपनीच्या आधीच्या पस्तीस वर्षांत होतं. प्रत्येक नव्या पार्कात कंपनीने मागच्या पार्कात हातून सुटलेला पैसा वसूल करायचा प्रयत्न केला. फ्रान्समध्ये तिने सगळीच वसुली एकदम करायची ठरवली.

अनाहाइमपासून टोकियोपर्यंत

पहिलं डिस्नीलँड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये उघडलं. सुमारे १६० एकरांची संत्र्यांची बाग तोडून, १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून ते उभं राहिलं. वॉल्ट डिस्नी यांच्याकडे तेवढा पैसा नव्हता. त्यांनी स्वतःच्या विमा पॉलिसीवर कर्ज काढलं, शिवाय एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीला भागीदार करून घेतलं. एबीसीने पाच लाख डॉलर घातले, कर्जाला हमी दिली आणि त्या बदल्यात पार्कचा सुमारे एकतृतीयांश वाटा व डिस्नीचा साप्ताहिक कार्यक्रम मिळवला. उद्घाटनाच्या दिवशी बनावट निमंत्रणपत्रिका घेऊन हजारो लोक आत शिरले. ताजं डांबर उन्हाने मऊ पडलं होतं, त्यात बायकांच्या टाचा रुतत होत्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहं यांपैकी एकच वेळेत पुरं होणार होतं. वॉल्ट यांनी स्वच्छतागृहं निवडली.

पार्क मात्र धो धो चाललं. दोन महिन्यांच्या आत दहा लाखावा पाहुणा आला. पण १६० एकरांच्या कुंपणाबाहेरची जमीन डिस्नीची नव्हती. पार्क बघायला लांबून येणारी माणसं रात्री कुठेतरी झोपणार, सकाळी कुठेतरी खाणार. तो पैसा चारी बाजूंना उगवलेल्या मोटेलवाल्यांच्या गल्ल्यात गेला. ‘डिस्नीलँड हॉटेल’ हे नाव लावलेलं हॉटेलसुद्धा दुसऱ्या उद्योजकाचं होतं, आणि ते ताब्यात यायला कंपनीला १९८०च्या दशकाची अखेर उजाडावी लागली. ही चुटपुट पुढच्या सगळ्या निर्णयांमागे आहे.

फ्लोरिडात ती पुरेपूर भरून काढली. वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांआडून गुपचूप जमीन घेत घेत डिस्नीने सुमारे २७ हजार एकर जमवले, तेही सरासरी एकरी दोनशे डॉलरच्या आत. वॉल्ट १५ डिसेंबर १९६६ रोजी गेले. थोरले भाऊ रॉय यांनी निवृत्ती पुढे ढकलून काम तडीस नेलं, १ ऑक्टोबर १९७१ रोजी पार्क उघडलं आणि त्याच डिसेंबरात तेही गेले. इथे हॉटेलं, रस्ते, तलाव, सगळं कुंपणाच्या आत होतं. १९८२मध्ये एप्कॉट हे दुसरं पार्क आणि १९८९मध्ये स्टुडिओ पार्क जोडलं गेलं, आणि कुटुंबं तिथे चार-चार दिवस मुक्काम करू लागली. हा ‘चार दिवसांचा मुक्काम’ लक्षात ठेवायला हवा.

टोकियोत उलटं झालं. एप्कॉटवर एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च झाल्याने कंपनीकडे रोकड नव्हती, आणि परदेशातल्या पहिल्याच पार्कात पैसा अडकवायची तयारीही नव्हती. म्हणून ओरिएंटल लँड या जपानी कंपनीने सगळी गुंतवणूक करायची आणि डिस्नीने नाव, आराखडा व कौशल्य द्यायचं, असा करार झाला. मोबदल्यात तिकिटांवर १० टक्के आणि खाणं-वस्तूंच्या विक्रीवर ५ टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी). १५ एप्रिल १९८३ रोजी पार्क उघडलं आणि पहिल्याच वर्षी तिथे सुमारे एक कोटी लोक आले. डिस्नीचा एक डॉलरही धोक्यात नव्हता. पण नफ्यातही वाटा नव्हता, आणि हॉटेलांतला पैसा पुन्हा दुसऱ्यांकडे चालला होता. १९८४मध्ये मायकेल आइझनर आणि फ्रँक वेल्स यांनी सूत्रं घेतली, तेव्हा टोकियोचा करार त्यांच्यापुढे गमावलेल्या संधीचं उदाहरण म्हणूनच होता. निव्वळ कागदावर पाहिलं तर डिस्नीने केलेल्या सौद्यांत हा सर्वांत निर्धोक होता, आणि तोच त्यांना बोचत होता.

फ्रान्स: सगळं आपल्याच हातात

युरोपातलं पार्क आपल्याकडे यावं म्हणून स्पेन आणि फ्रान्स यांच्यात चुरस लागली. स्पेनकडे ऊन होतं. फ्रान्सकडे पॅरिस होतं, आणि काही तासांच्या प्रवासात येऊ शकणारे कोट्यवधी युरोपीय. डिसेंबर १९८५मध्ये आइझनर आणि पंतप्रधान लोराँ फाब्युस यांनी प्राथमिक करारावर सह्या केल्या, आणि अंतिम करार मार्च १९८७मध्ये जाक शिराक पंतप्रधान असताना झाला. पॅरिस शहराच्या सुमारे पाचव्या हिस्स्याएवढी, १,९४३ हेक्टर जमीन शेतजमिनीच्या भावाने मिळण्याची सोय झाली. उपनगरी रेल्वेची आर-ई-आर ‘ए’ मार्गिका थेट दारापर्यंत आणायचं सरकारने कबूल केलं. सरकारी वित्तसंस्थेने बाजारापेक्षा स्वस्त कर्ज दिलं, करात सवलतही मिळाली.

मालकीची रचना मात्र खास डिस्नीची होती. ४९ टक्के भाग अमेरिकन कंपनीकडे, ५१ टक्के युरोपीय गुंतवणूकदारांकडे. ऑक्टोबर १९८९मध्ये ७२ फ्रँकने शेअर विकले गेले. पॅरिसच्या शेअर बाजाराच्या पायऱ्यांवर आइझनर यांच्यावर अंडी फेकली गेली, तरी शेअर मात्र हातोहात खपले. डिस्नीने स्वतःच्या शेअरसाठी मोजले सुमारे १० फ्रँक. कंपनीचा कारभार डिस्नीच्या हातात, त्यासाठी व्यवस्थापन शुल्क वेगळं, आणि टोकियोसारखंच १० व ५ टक्क्यांचं स्वामित्वधनही. म्हणजे पार्क तोट्यात असलं तरी अमेरिकेकडे पैसा जात राहणार होता. आवळा देऊन कोहळा काढणं यालाच म्हणतात. उद्घाटनाच्या सुमारास शेअरचा भाव १६५ फ्रँकपर्यंत चढला होता, त्यामुळे तेव्हा कुणाला त्यात वावगं दिसलं नसावं.

आता खोल्या. अनाहाइमची चुटपुट आणि फ्लोरिडाचं यश डोळ्यांपुढे ठेवून डिस्नीने पहिल्याच दिवशी सहा हॉटेलं आणि जवळपास ५,२०० खोल्या उघडल्या. भोवती कार्यालयं, घरं, व्यापारी संकुलं बांधायची, ती आणि पुढे हॉटेलंही विकायची, आणि आलेल्या पैशातून कर्ज फेडायचं, असा आराखडा होता. प्रकल्पाचा खर्च मूळ अंदाजापेक्षा कितीतरी वाढून २,००० कोटी फ्रँकच्या पुढे गेला. त्यातला फार मोठा वाटा कर्जाचा होता.

इथेच घोडं पेंड खाल्लं. फ्लोरिडात माणूस चार दिवस राहायचा, कारण तिथे तेव्हा बघायला तीन पार्कं होती आणि आसपास पॅरिससारखं ओढ लावणारं दुसरं शहर नव्हतं. मार्न-ला-व्हॅलेत पार्क एकच. सकाळी आत गेलेलं कुटुंब संध्याकाळपर्यंत सगळं बघून मोकळं होई. आणि ज्या रेल्वेसाठी सरकारकडे आग्रह धरला, तीच रेल्वे त्यांना चाळीसएक मिनिटांत पॅरिसमध्ये नेऊन सोडे, जिथे सर्व प्रकारच्या खिशांना परवडणारी हॉटेलं आहेत. मुक्काम केलाच तर एखाद-दुसऱ्या रात्रीचा. महाराष्ट्रातून युरोपच्या सहलीला जाणारे आपले गटही हेच करतात: पॅरिसच्या मुक्कामात एक दिवस डिस्नीलँड, सकाळी बसने जायचं आणि रात्री बसनेच परतायचं. त्या दिवशी तिकिटाचा पैसा पार्कला मिळतो, खोलीचा मिळत नाही.

काळही वाईट निघाला. युरोप मंदीत सापडला. सप्टेंबर १९९२मध्ये ब्रिटिश पौंड, इटालियन लिरा आणि स्पॅनिश पेसेटा कोसळले, आणि त्या देशांतल्या पाहुण्यांना फ्रान्स एका झटक्यात महाग झालं. मोठ्या माणसाचं तिकीट २२५ फ्रँक होतं, ते आधीच चढं. पॅरिस परिसरातला जमीनजुमल्याचा बाजार गडगडला, त्यामुळे इमारती आणि हॉटेलं विकून कर्ज फेडायचा मार्ग बंद झाला. फ्रान्समधले व्याजदर चढेच राहिले. पहिल्याच हिवाळ्यात एक मोठं हॉटेल, न्यूपोर्ट बे क्लब, हंगामापुरतं बंद ठेवावं लागलं.

न्याहारीची रांग

संस्कृतीच्या प्रश्नाला मी दुय्यम म्हटलं, पण गिऱ्हाईक कसं वागेल याबद्दलचे चुकलेले छोटे अंदाज या प्रकरणात फार बोलके आहेत. युरोपीय माणूस सकाळी कॉफी आणि क्रोआसाँवर भागवतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून हॉटेलांतली न्याहारीची उपाहारगृहं लहान ठेवली. पाहुण्यांना मात्र अंडी आणि बेकनसकट भरपेट खायचं होतं. साडेतीनशे खुर्च्यांच्या उपाहारगृहात अडीच हजार लोकांची न्याहारी उरकायची वेळ आली. खोलीचे एवढे पैसे मोजून सकाळी रांगेत ताटकळलेलं कुटुंब दुसरी रात्र कशाला घेईल?

बसच्या चालकांसाठी विश्रांतीची जागा बांधली ती पन्नास जणांपुरती. गर्दीच्या दिवशी दोन हजार चालक येत. सोमवार हलका आणि शुक्रवार गर्दीचा असं धरून कामाच्या पाळ्या लावल्या, आणि घडलं नेमकं उलट. युरोपातले पालक अमेरिकनांसारखे शाळा बुडवून मुलांना दोन दिवस फिरायला आणतील असंही गृहीत धरलं होतं. फ्रान्समध्ये ऑगस्टची लांब सुट्टी ठरलेली असते, शाळा चालू असताना कुणी हलत नाही. आपल्याकडे मे महिन्यात कोकणात खोली मिळत नाही आणि जुलैत हवी तेवढी मिळते, तसाच हा प्रकार. ५,२०० खोल्या वर्षभर भरायच्या तर सुट्टीखेरीजच्या महिन्यांत गिऱ्हाईक लागतं, आणि ते नव्हतं.

पार्कात वाइन आणि बिअर न देण्याचा नियम जून १९९३मध्ये उपाहारगृहांपुरता शिथिल झाला. कर्मचाऱ्यांच्या दाढी-मिशा, दागिने, पेहराव यांबाबतच्या अमेरिकन नियमांवरून कामगार संघटनांशी वाजलं.

पार्कच्या बांधणीत मात्र युरोपचा फार बारीक विचार केला होता, आणि टीकाकार तो सहसा सांगत नाहीत. उत्तर फ्रान्सच्या पावसाळी थंड हवेसाठी मेन स्ट्रीट या पार्कच्या मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, दुकानांच्या पाठीमागून, छत असलेल्या गल्ल्या काढल्या. प्रवेशद्वारापासून राजवाड्याच्या चौकापर्यंत भिजल्याशिवाय जाता येतं. ज्या देशात खरे किल्ले गावोगावी आहेत तिथे जर्मन धर्तीचा किल्ला नकली वाटेल, म्हणून राजवाडा गुलाबी, परीकथेतला केला आणि तळघरात मान हलवणारा, धूर सोडणारा ड्रॅगन बसवला. भविष्याची दुनिया फ्रेंच विज्ञानकथाकार ज्युल व्हर्नच्या कल्पनेतून रंगवली. पार्क सुंदर होतं. आलेली माणसं बहुतेक खूश होऊन जात होती. त्यांच्या दिवसाच्या खर्चातून एवढ्या हॉटेलांचं व्याज निघत नव्हतं, एवढंच.

मार्च १९९४

१९९३मध्ये युरो डिस्नीचे अमेरिकन अध्यक्ष रॉबर्ट फिट्झपॅट्रिक यांच्या जागी फिलिप बुर्गिन्यों हे फ्रेंच अधिकारी आले. ऑक्टोबरात ९५० प्रशासकीय जागा कमी केल्या. कर्ज २,००० कोटी फ्रँकच्या आसपास होतं आणि रोकड संपत आली होती. डिस्नीने जाहीर केलं की ३१ मार्च १९९४च्या पुढे आपण पैसे पुरवणार नाही. मध्ये तडजोड झाली नाही तर पार्क बंद होऊ शकतं, हे साठेक बँकांना कळलं.

बीएनपी आणि अँडोसुएझ या बँकांच्या पुढाकाराने वाटाघाटी झाल्या, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांची नस माहीत होती. बंद पडलेलं डिस्नीलँड म्हणजे कंपनीच्या नावाला जगभर डाग. बँकांच्या हाती उरलं असतं ते दुसऱ्या कशालाही उपयोगी न पडणारं गुलाबी तारण. मार्चच्या मध्यावर १,३०० कोटी फ्रँकची पुनर्रचना ठरली. बँकांनी दीड वर्षाचं व्याज सोडलं आणि मुद्दलाची फेड तीन वर्षं पुढे ढकलली. ६०० कोटींचे नवे शेअर काढायचे, त्यातले ४९ टक्के डिस्नीने घ्यायचे ठरलं. डिस्नीने पार्कातली काही मालमत्ता १४० कोटींना विकत घेऊन सवलतीच्या भाड्याने परत दिली. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती अट: स्वामित्वधन आणि व्यवस्थापन शुल्क पाच वर्षं माफ. पार्क तोट्यात असताना मूळ कंपनीकडे वाहणारी धार पहिल्यांदा आटली. जूनमध्ये सौदी राजपुत्र अलवलीद बिन तलाल पुढे आले आणि त्यांनी जवळपास चतुर्थांश हिस्सा घेतला.

मे १९९४मध्ये पार्कच्या दाराशी टीजीव्ही या अतिवेगवान रेल्वेचं स्थानक सुरू झालं. ऑक्टोबरपासून पार्कचं नाव ‘डिस्नीलँड पॅरिस’ झालं. तिकीट १९५ फ्रँकवर आलं. १ जून १९९५ला स्पेस माउंटन सुरू झाला: बाहेरच्या प्रचंड तोफेतून गाडी वर उडवायची आणि अंधारात तीनदा उलटी फिरवायची. त्या वर्षी १ कोटी ७ लाख लोक आले आणि कंपनीने पहिला वार्षिक नफा दाखवला, ११.४ कोटी फ्रँक. ज्या वर्षी नफा झाला त्या वर्षीची गर्दी तोट्याच्या वर्षापेक्षा फक्त नऊ लाखांनी जास्त होती. बदललं होतं ते व्याज आणि स्वामित्वधन.

आपल्याकडे हे गणित अगदीच परकं नाही. मनमोहन शेट्टी यांनी २०१३मध्ये खोपोलीजवळ उघडलेल्या इमॅजिकाने पुढच्या काही वर्षांत जलउद्यान, हॉटेल आणि बर्फाचं पार्क उभारलं, त्यावर कर्जाचा डोंगर झाला, आणि कोरोनाच्या टाळेबंदीनंतर २०२२मध्ये बँकांशी तडजोड होऊन ती कंपनी संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. मुंबई आणि पुणे दोन्हीकडून सकाळी निघून रात्री घरी परतता येतं, ही त्या जागेची ताकदही आहे आणि हॉटेलाच्या दृष्टीने अडचणही.

त्यानंतर

डिस्नीने पॅरिसचा धडा घेतला, आणि पुन्हा दुसऱ्या टोकाला गेली. सप्टेंबर २००५मध्ये उघडलेल्या हाँगकाँगच्या पार्कात ५७ टक्के भाग तिथल्या सरकारचा होता, आणि हॉटेलं फक्त दोन, मिळून हजार खोल्या. पण पार्कच इतकं आटोपशीर बांधलं की २००६च्या चिनी नववर्षात तिकीट हातात असलेल्या लोकांना बाहेर ठेवून दरवाजे लावावे लागले. जून २०१६मधल्या शांघायला पार्क भलं मोठं केलं, सरकारी भागीदाराला पुन्हा ५७ टक्के दिले, आणि खोल्या बाराशेच्या आसपास ठेवल्या. शांघायमधला तोल मला आजवरचा सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

पॅरिसचं रडगाणं मात्र संपलं नाही. १९९९पासून स्वामित्वधन टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झालं. मार्च २००२मध्ये हात आखडून बांधलेलं दुसरं पार्क उघडलं, ते चाललं नाही आणि कर्ज पुन्हा डोईजड झालं. २००५मध्ये दुसरी पुनर्रचना, २०१२मध्ये डिस्नीने बँकांचं कर्ज स्वतःकडे घेतलं, २०१५मध्ये एक अब्ज युरोचं नवं भांडवल. शेवटी २०१७मध्ये कंपनीने उरलेले सगळे शेअर प्रत्येकी २ युरोने विकत घेऊन पार्क पूर्ण ताब्यात घेतलं.

त्या दोन युरोंमागचा हिशेब फ्रान्समधल्या छोट्या भागधारकांचा आहे. १९८९मध्ये डिस्नीवरच्या प्रेमापोटी अनेक कुटुंबांनी हे शेअर घेतले होते, काहींनी मुलांच्या नावाने. शंभर शेअरना तेव्हा ७,२०० फ्रँक पडले, म्हणजे सुमारे १,१०० युरो. २००७मध्ये शंभर जुन्या शेअरचा मिळून एक नवा शेअर झाला. ज्याने ते पहिल्या दिवसापासून जपून ठेवले आणि मध्ये आणखी पैसा घातला नाही, त्याच्या हातात २०१७मध्ये दोन युरो आले.